बारा पत्र्यांवरची ताडपत्री

मी ताडपत्री बोलतेय. हल्ली बाजारात मिळते ती निळी, वाऱ्याने चुरचुर वाजणारी प्लॅस्टिकची नव्हे. मी जाड सुती कापडाची, मेण पाजलेली, हिरवी. एकट्या माणसाला मी उचलायला जड जाई. नाशकात द्वारका चौकाजवळ ट्रकवाल्यांच्या दुकानांची रांग आहे. तिथल्या एका शिलाईवाल्याने एकोणीसशे नव्वद साली मला शिवलं. काठाला दुहेरी दुमड घातली, हात-हात अंतरावर पितळेच्या कड्या ठोकल्या आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "हिच्यात बैल बांधून टांगलात तरी फाटायची नाही."

ते गिऱ्हाईक म्हणजे चांदवडचा एक ट्रकवाला. चार वर्षं मी त्याच्या कांद्याच्या गोण्यांवर पांघरून मुंबईला गेले आणि आले. त्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मग कसारा घाटात एका फांदीला अडकून माझा कोपरा टरकला. मालकाने मला जुन्या मालात विकलं आणि नवी घेतली. माणसं असं करतात, त्याचं मला वाईट वाटलं नाही.

जुन्या मालाच्या त्या ढिगातून झुंबर आहिरेने मला उचललं, सव्वादोनशे रुपयांना. त्याने मला पूर्ण उलगडलं, उन्हाकडे धरून भोकं शोधली, टरकलेला कोपरा हाताने ताणून पाहिला आणि दुकानदाराशी पंचवीस रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केली. त्याच्या नखांत काळं तेल होतं. ते कधीच निघालेलं मी पाहिलं नाही.

झुंबर मूळचा नामपूरचा. सातपूरच्या एका कारखान्यात गिअर कापायच्या मशीनवर कामाला. श्रमिकनगरच्या मागच्या बाजूला त्याने दोन खोल्या बांधल्या होत्या. भिंती विटांच्या, वर सिमेंटचे बारा पत्रे. घरात बायको कमळाबाई आणि एकुलती मुलगी मोहिनी, तेव्हा चौदा वर्षांची. आपसात ते नामपूरकडची अहिराणी बोलत, 'आहे'ला 'शे' आणि 'आहेत'ला 'शेत' म्हणत. बाहेरच्यांशी मात्र नाशकाचं मराठी.

शेजारी आंब्याचं झाड होतं. कैऱ्यांच्या दिवसांत गल्लीतली सगळी पोरं त्यावर दगड मारत आणि चुकलेला प्रत्येक दगड झुंबरच्या पत्र्यावर पडे. दहा वर्षांत पत्र्यांना केसासारख्या चिरा गेल्या होत्या. पावसाळ्यात घरात पातेली मांडावी लागत. म्हणून मला आणलं.

मला वर चढवायला चिमाजी आला. हा पेठकडच्या डोंगरातला माणूस. शहरात येऊन पत्रे बसवायचं काम करी, झुंबरच्या गल्लीतच राही. बुटका, हलका, छपरावर मांजरासारखा फिरणारा. मला पसरायच्या आधी त्याने झुंबरला वर बोलावलं आणि बोटाने दाखवलं.

"भाऊ, हे बोल्टांचं टोपण दिसतंय का? ही रांग. हिच्याखाली लोखंडी पाइप हाय. पाय ठेवायचा तो या रांगेवरच. मधल्या जागी ठेवलात तर सिमेंटचा पत्रा म्हंजे पापड. सांगतबी नाय, तुटताना."

"कळलं," झुंबर म्हणाला.

"आणि ही ताडपत्री घातली की बोल्ट दिसायचे नाय. मग वर यायचं काम पडलं तर मला हाक मारायची. नायतर आधी ही काढायची, मग चढायचं."

झुंबरने मान हलवली. मग दोघांनी मला ताणून पसरलं, कड्यांतून सुतळी ओवून खाली खुंट्यांना बांधलं, काठावर विटा ठेवल्या. त्या पावसाळ्यात घरात एकदाही पातेलं मांडावं लागलं नाही. कमळाबाई खालून वर बघून म्हणे, "बरी शे ही." माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं.

दसऱ्यानंतर मला उतरवून, वाळवून, घडी करून खोलीतल्या माळ्यावर ठेवलं. तिथून मला घर दिसे. म्हणून झुंबरचं बजेट मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर देशाचं बजेट सांगत. झुंबर ते पूर्ण ऐके. त्यातलं किती समजे कोण जाणे, पण सिगारेट महाग झाली की त्याला बरं वाटे, कारण तो ओढत नसे. बातम्या संपल्या की टीव्ही बंद करी, कंपनीने दिलेली डायरी काढी आणि म्हणे, "चला, आते आपलं बजेट."

मग मोहिनीला समोर बसवून तो सांगे आणि ती लिही. बारा पत्रे, दोनशे साठने, तीन हजार एकशे वीस. हूक-बोल्ट आणि वायसर, दोनशे चाळीस. दोन पाइप गंजलेत ते, पाचशे. चिमाजी आणि एक माणूस, दोन दिवस, चारशे. भिंतीवरचं सिमेंट-वाळू तीनशे. किरकोळ दोनशे. मोहिनीने बेरीज केली. चार हजार सातशे साठ.

"तीन हजार शेत आपलापाशी," झुंबर म्हणाला. "पावसाळाना आधी बाकीना व्हई जातीन."

झाले नाहीत. एप्रिलात कंपनीला दोन महिने टाळं लागलं, जमलेले तीन हजार पोटात गेले आणि मला पुन्हा वर चढवण्यात आलं. या खेपेला झुंबरने चिमाजीला बोलावलं नाही. एक दिवसाची मजुरी वाचवली. बोल्ट उघडे दिसत होते तोवर त्यांच्यावरून चालत त्याने मला ओढत नेलं, पसरलं आणि मागे सरकत खाली उतरला. कमळाबाई शिडी धरून उभी होती. तो खाली आला तेव्हा तिने त्याच्या पाठीवरची धूळ झटकली.

त्या वर्षीपासून मला उतरवायचं बंद झालं. एकदा चढवण्याचीच कटकट, मग उतरवायची कशाला, असं म्हणून मी छपरावरच राहिले. ऊन आणि पाऊस, दोन्ही वर्षभर. कापडाला हे सोसत नाही. माझं मेण वितळून गेलं, रंग विटला. भोकं पडू लागली. झुंबर दर मे महिन्यात डबाभर डांबर गरम करून आणी, शिडीवरून हात पोचेल तिथवर भोकांवर गोणपाटाचे तुकडे चिकटवी. लांबच्या भोकांसाठी बांबूच्या टोकाला फडकं बांधून डांबर टाकी. डांबर वाळून त्याचे टणक गोळे होत. माझ्या अंगावर असे किती गोळे झाले होते, ते मी मोजले नाहीत.

छपरावरून मला घर दिसत नसे, पण पत्र्याच्या चिरांतून आवाज सगळे येत. दरवर्षी फेब्रुवारीत डायरी उघडल्याचं कळे. आकडा दरवर्षी वाढे.

सत्त्याण्णव साली मात्र पैसे खरंच जमले. बजेट होतं पाच हजार नऊशेचं आणि डब्यात सहा हजार होते. झुंबर चिमाजीकडे जाऊन दिवस ठरवून आला. एकोणीस मे, सोमवार. कमळाबाईने खोलीतलं सामान एका बाजूला रचायला सुरुवातसुद्धा केली. मी मनाशी निरोप घेत होते. आता आपली सुट्टी, असं मला वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

त्या आठवड्यात मोहिनीच्या नावाने धुळ्याहून पत्र आलं. नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता. फी आणि राहण्याचं मिळून साडेपाच हजार, आणि भरायला दहा दिवस.

मोहिनीच आधी म्हणाली, "नाना, पुढल्या साली भरसू अर्ज. घरनं काम व्हऊ द्या."

"पुढल्या साली नंबर लागीन का?"

"लागीन."

"कसावरथून सांगस?"

कमळाबाई म्हणाली, "पत्रा काय, ताडपत्री शे ना वर."

झुंबर म्हणाला, "हां. ताडपत्री शे."

त्या दोन शब्दांचा मी पुढे फार विचार केला. मी नसते, तर पातेली मांडून मांडून ती माणसं रडकुंडीला आली असती आणि कुठून तरी, काहीतरी करून पत्रे बदलले असते. किंवा पोरीचा कोर्स बुडाला असता. दोन्हींतलं काय बरं होतं, ते मी अजूनही सांगू शकत नाही. मोहिनी धुळ्याला गेली. जाताना तिने अंगणातून वर, माझ्याकडे पाहिलं.

नव्याण्णवच्या दिवाळीनंतर कंपनी कायमची बंद झाली. हिशेबाचे पैसे हप्त्याहप्त्याने देऊ म्हणाले. दोन हप्ते आले, पुढचे आले नाहीत. झुंबर त्रेचाळीस वर्षांचा होता. गिअर कापणारा माणूस दुसऱ्या कंपनीच्या गेटवर खाकी कपडे घालून उभा राहू लागला, चौदाशे रुपयांवर. कमळाबाई दोन घरी पोळ्या करायला जाऊ लागली. पुढच्या फेब्रुवारीत टीव्हीवर बजेट झालं तेव्हा खालून डायरीचा आवाज आला नाही. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. बजेटच्या दिवशी रात्रपाळी नसली, तरी तो लवकर झोपून जाई.

पण मोहिनी शिकली. पास झाली, नाशकातच एका खासगी दवाखान्यात लागली. सुरुवातीला पगार इतका कमी होता की येण्याजाण्यातच जाई. ती रात्रपाळ्या घेऊ लागली, दुसऱ्यांच्या सुट्ट्यांत काम करू लागली. दोन हजार चार सालच्या एप्रिलात एक दिवस ती कामावरून आली ती सरळ बापापुढे जाऊन बसली.

"नाना, डायरी काढा," ती म्हणाली.

"काय करस?"

"काढा तर."

डायरी जुनीच होती, कंपनीची. मोहिनी सांगू लागली आणि या खेपेला झुंबर लिहू लागला. बारा पत्रे, पाचशे वीसने, सहा हजार दोनशे चाळीस. ती स्वतः दुकानात जाऊन भाव विचारून आली होती. पाइप, हूक, चिमाजीची मजुरी, सगळं. अकरा हजार आठशे. तिच्याकडे बारा हजार होते. मेच्या अखेरीस पत्रे येणार होते, चिमाजीला तिने सांगूनही ठेवलं होतं.

झुंबरने तो आकडा लिहिला आणि नुसता बघत बसला असावा, कारण मोहिनी म्हणाली, "काय व्हयनं?"

"काही नही. बारा हजार तुना लगनना कामाले उना असतात."

"लगीन व्हई जाई. आधी घर."

नंतर दोन-तीन दिवस झुंबर अंगणात उभा राहून वर बघत असे. मला वाटलं, माझा निरोप घेतोय. तसं नव्हतं. तो मोजत होता. कमळाबाईला तो एका सकाळी म्हणाला, "बठ्ठा बारा पत्रा खराब नसतीन. दगड पडेत ते झाडनी बाजूले. हाई बाजूना चार चांगला शेत. चार वाचना तर दोन हजार ऐंशी रुपया वाचनात पोरना."

"चिमाजीले सांगा, तो पाहीन."

"तो एक रोज कामावर येस म्हणजे दीडशे. पाहाले काय दीडशे?"

"मग तुमी नका चढू."

"ठाऊक शे माले," तो म्हणाला. "आधी ताडपत्री काढस, मग चढस."

आणि त्याने तसंच केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याचा निष्काळजीपणा नव्हता. बारा मे, सकाळचे आठ. मोहिनी कामावर गेली होती. कमळाबाईने शिडी धरली. त्याने खालच्या काठाच्या सुतळ्या सोडल्या, विटा उतरवल्या आणि शिडीवर उभं राहूनच मला गुंडाळायला लागला. माझा खालचा निम्मा भाग निघाला. बोल्टांची एक रांग उघडी झाली, पत्रे दिसले. पण वरचा निम्मा निघेना. बांबूने टाकलेल्या नऊ वर्षांच्या डांबराने भोकांतून झिरपून मला पत्र्याला चिकटवून टाकलं होतं. तो ओढत राहिला. मी येऊ बघत होते, पण मला हलताच येईना.

तो उघड्या रांगेवर चढला. तिथून ओढलं, तरी नाही. वरच्या टोकाची सुतळी कापली तर निघेल, असा त्याचा अंदाज असावा. मग तो माझ्यावर आला. दुसरी रांग कुठे असेल ते त्याला माहीत होतं, एका पत्र्याला तीन रांगा, अंतर ठरलेलं. एक पाय उघड्या बोल्टावर ठेवून दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने तो माझ्याखाली चाचपू लागला. बोल्टाचं टोपण शोधत होता. त्याला एक टणक उंचवटा लागला. त्याने दोनदा दाबून पाहिला. मग अंगाचा भार टाकला.

ते डांबर होतं.

पत्रा तुटताना खरंच काही सांगत नाही. खाली पोकळी झाली आणि त्याचा सगळा भार माझ्यावर आला. एक क्षण मी त्याला धरलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कांद्याच्या सगळ्या गोण्या वादळात धरून ठेवायची माझी ताकद होती एके काळी, तीच कुठेतरी अजून असेल असं वाटून मी ताणले गेले. मग मी उभी फाटले. तो खाली घरात, स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवर पडला.

कमळाबाईच्या हातात शिडी तशीच होती. तिने "काय व्हयनं?" असं विचारलं, अगदी साध्या आवाजात, आणि आतून उत्तर येईना तेव्हा ती शिडी सोडून घरात धावली. मग मला तिचा आवाज ऐकू आला. तो मी इथे सांगणार नाही.

गल्लीतल्या लोकांनी रिक्षातून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. चार दिवस होता. घर बंद होतं, मी छपरावरून अर्धी आत लोंबत होते आणि माझ्यातून ऊन थेट ओट्यावर पडत होतं. पाचव्या दिवशी घर उघडलं ते माणसांनी भरलेलं. बायका रडत होत्या. झुंबर नव्हता.

दहाव्यानंतर पाहुणे पांगले. एका संध्याकाळी मोहिनी आईजवळ बसून बोलली, तेव्हा मला कळलं. दवाखान्यात ती चारही दिवस त्याच्या उशाशी होती. नर्स असल्यामुळे पहिल्याच दिवशी तिला सगळं समजलं होतं, आईला तिने सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो थोडा वेळ शुद्धीवर आला.

"काय बोलना?" कमळाबाईने विचारलं.

"माले वळखं. म्हणे, आठच पत्रा मागाडजो. चार चांगला शेत, मी पाह्यात."

कमळाबाई म्हणाली, "मग आठच मागाड."

जूनच्या पहिल्या आठवड्यात चिमाजी आला. दहा वर्षांपूर्वीचा हलका माणूस आता शिडीवर थांबत थांबत चढत होता. त्याने कोयत्याने डांबर कापून मला पत्र्यापासून सोडवलं आणि खाली टाकलं. अंगणात पडल्या पडल्या मी वर बघत होते. झाडाच्या बाजूचे पत्रे गेलेलेच होते. मग चिमाजी दुसऱ्या बाजूला गेला, झुंबरने सांगितलेल्या चार पत्र्यांकडे. एकेकावर त्याने हातोडीच्या दांड्याने टकटक केलं. पहिला भदभद वाजला. दुसरा तसाच. तिसऱ्याच्या कडेला त्याने अंगठा दाबला तर ओल्या बिस्किटासारखा तुकडा हातात आला. नऊ वर्षं मी वरचं पाणी अडवलं होतं आणि खालची ओल कोंडली होती. वरून पाहणाऱ्याला ते पत्रे चांगले दिसले असते. चौथाही गेलेला होता.

चिमाजी तिथे बसून राहिला. खाली कमळाबाई उभी होती. तिने विचारलं, "काय रे चिमाजी, आहेत का चांगले?"

चिमाजीने खाली पाहिलं. "हायेत वहिनी," तो म्हणाला. "भाऊंचा हिशेब बरोबर होता. चार एकदम लोखंड हायेत. आठच लागतील."

कमळाबाईने पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी पत्र्यांची गाडी आली. आठ पत्रे मोहिनीच्या पैशांचे. दुपारी कमळाबाई पोळ्यांच्या कामावर गेली तेव्हा आणखी चार आले. त्यांचे पैसे चिमाजीने स्वतःच्या खिशातून मोजले, गाडीवाल्याच्या हातावर, माझ्या शेजारी उभं राहून. संध्याकाळपर्यंत बाराही बसले. मजुरी त्याने एका दिवसाचीच घेतली.

कमळाबाई कामावरून आली. घरात शिरली आणि मान वर करून उभी राहिली; उघड्या दारातून मला ती दिसत होती. जुना सिमेंटचा पत्रा धुराने काळा पडलेला असतो, नवा पांढुरका. आतून ते लपत नाही. ती एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत हळूहळू बघत गेली. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर ती दारात आली. चिमाजी अंगणात दोर गुंडाळत होता.

"बारा आहेत, चिमाजी," ती म्हणाली.

"आठच हायेत, वहिनी," चिमाजी खाली मान घालून म्हणाला. "चार भाऊंचे हायेत. घासून पुसून बसवलेत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने चहा टाकला आणि दोन कप घेऊन पायरीवर आली. दोघांनी चहा घेतला. मोहिनीला तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी त्याच संध्याकाळी त्या घरातून निघाले.

चिमाजीने मला घरी नेलं, फाटलेला भाग कापून टाकला आणि उरलेल्याचे चार तुकडे केले. तीन देऊन टाकले. हा चौथा, ज्यातून मी बोलतेय, त्याच्याकडेच आहे. तो आता छपरावर चढत नाही. बांधकामांवर सिमेंटच्या गोण्यांची राखण करतो आणि मी त्या गोण्यांवर असते. डांबराचे दोन गोळे अजून माझ्या अंगावर आहेत. ते खरवडून काढायचा त्याने कधी प्रयत्न केला नाही. पाणी आलं तर अजूनही थोडंफार अडवते.

तुमच्या छपरावर माझ्यासारखी एखादी असेल. असू द्या, पाऊस असतो, पैसे नसतात, मला ते दहा वर्षं ऐकून माहीत आहे. माझं इतकंच सांगणं आहे. ती निघत नसेल तर ओढू नका, तिच्यावर पाय ठेवून पुढे जाऊ नका. खाली उतरा. कोयता घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहा, त्याचे दीडशे रुपये द्या. ती तुम्हाला धरायला बघेल. तिला ते जमणार नाही.